माझ्या नावावरचं ऑपरेशन

मला मूळव्याध झाली तेव्हा आठवड्याच्या आत ती आमच्या आळीतल्या लहानथोरांना माहीत झाली होती. माझ्या बायकोला ती माझ्या आधी सोळा वर्षं होती आणि त्याचा एकाही माणसाला पत्ता नव्हता. त्या माणसांत मीही आलो. ही हकिगत लिहू का, असं तिला विचारलं तर म्हणाली, "लिवा. पण नाव कुणाचंच घालू नका, तुमचंबी नको." म्हणून नावं नाहीत. बाकी घडलं तसंच लिहितो. त्यात माझी बाजू फार चांगली दिसणार नाही, पण ती चांगली नव्हतीच.

आम्ही न्हावऱ्याजवळ राहतो. मी रांजणगावच्या एका कंपनीत गेटवर आल्या-गेल्या मालाच्या नोंदी करतो. आठ तास खुर्ची आणि जाता-येता मोटारसायकल. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याचं जे करून ठेवलंय त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला काहीतरी होणारच होतं. एका सकाळी संडासात बोराटीच्या काटेरी फांदीवर बसल्यासारखं झालं. मी कुणाला बोललो नाही. त्या दिवशी गेटवर उभ्यानंच काम केलं. बिहारकडचा एक लोडर दोन-तीनदा खुर्ची पुढे सरकवून गेला. शेवटी दहा माणसांत म्हणाला, "साहब, बैठ नहीं रहे हो. बवासीर है क्या?" त्या दहांत आमच्या गावचा एक टेम्पोवाला होता. मी संध्याकाळी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

दारात शेजारचे आप्पा बसलेले. आप्पा तरुणपणी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे, आता घरचा कांदा आणि दोन म्हशी बघतात. त्यांच्या पायाशी पिशवीत एक मोठा सुरण होता.

"मेंढरामागं चालणाऱ्याला ही व्याध होत न्हाई," ते म्हणाले. "ही खुर्चीची बिमारी हाय. बस."

"उभाच बरा हाय, आप्पा."

"व्हय, ते बी खरंच. सुरण खा, ताक पी, वांग्याचं नाव काढू नको. आन् लाजू नको. गावात निम्म्यांना असंल, बोलत न्हाईत."

पुढचे दोन महिने मी घरातला राजा होतो. कुणी शिरूरच्या बाजारातून मूळव्याधीची अंगठी आणून दिली. ती घालून माझं बोट हिरवं झालं, बाकी काही फरक पडला नाही. विजेच्या खांबावर 'बिना ऑपरेशन, एका दिवसात' अशी पाटी होती. तिच्यावरचा नंबर मी लिहून आणला, तर बायकोनं कागद चुलीत घातला. "तिथं न्हाई जायचं. त्ये काय बी टोचत्यात, मग सडतंय," म्हणाली. इतक्या ठामपणे ती एरवी फक्त भाजीच्या भावाबद्दल बोलते.

उपचार तिनंच केला. रोज सकाळी आणि कामावरून आल्यावर प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात कोमट पाणी. ते कोमट आहे की गरम, हे ती हाताच्या कोपरानं बघायची. पंधरा मिनिटं झाली की दार वाजवायची, "उठा आता, जास्त बसलं की कातडी नरम पडती." पुसायचं नाही, टिपायचं. झोपताना कोमट दुधातून नाहीतर पाण्यातून इसबगोल, पण वर आणखी तांब्याभर पाणी प्यायचंच, नाहीतर ते आत घट्ट बसतं. संडासात मोबाईल नाही. कुंथायचं नाही, नाही झालं तर उठून यायचं. मोटारसायकलवर उशीची घडी कशी घालायची, तेही तिनंच दाखवलं.

"तुला एवढं कसं माहिती?" मी एकदा विचारलं.

"मोबाईलवर बघितलं."

तिच्या मोबाईलची काच दोन वर्षांपूर्वी फुटली होती आणि त्याच्यावर आलेला फोन घेण्यापलीकडे काही होत नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मी पुढं काही विचारलं नाही. मला बरं वाटत होतं आणि बरं वाटणाऱ्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

मी पूर्ण बरा झालो. बरा होऊन गप्प बसलो असतो तर निदान तेवढं पाप कमी लागलं असतं. पण मी गावाला सल्ले द्यायला लागलो. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, जिथं विषय निघेल तिथं. नाही निघाला तर मी काढायचो. आणि घरी येऊन बायकोलाही सांगायचो, की अगं, बायकांनीसुद्धा पाणी जास्त प्यावं, तुम्ही बायका पाणीच पीत नाही. ती "व्हय" म्हणून भांडी घासत राहायची.

दोन वर्षांनी, कांदा काढणीला, ती वाफ्यात चक्कर येऊन पडली.

गावातल्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली. ती कागदासारखी पांढरी होती. रक्त तपासलं तर फारच कमी. "कुठून रक्त जातं का?" त्यांनी विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी मला औषधं आणायला बाहेर पाठवलं. मी परत आलो तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून ठेवली होती. सर्जनला दाखवा, उशीर करू नका.

घरी जाताना ती मोटारसायकलवर माझ्या मागं बसली होती. गाडीवर एकमेकांचं तोंड दिसत नाही, त्यामुळं तिथं बोलायला सोपं जातं. तिनं माझ्या पाठीला सांगितलं.

"मला बी हाय. तुमच्यासारखंच."

"कवापासून?"

"धाकट्याच्या बाळंतपणापासून."

आमचा धाकटा आता पुण्यात शिकायला आहे, अठरा वर्षांचा आहे. मी गाडी कडेला घेतली आणि उभा राहिलो. ती म्हणाली, "हितं कशाला थांबला, ऊन लागतंय." मग मी परत चालू केली.

त्या तीन किलोमीटरांत मला जे आठवत गेलं, ते सांगायला हवं. धाकटा सात वर्षांचा होईपर्यंत आमच्याकडं संडास नव्हता. पैसे हातात आले होते, पण मी आधी गोठा बांधला. म्हशीला पावसात त्रास होतो, असं मी म्हणालो होतो. माझी बायको तेव्हा उजाडायच्या आत उसाच्या बांधाला जायची, नाहीतर दिवसभर धरून ठेवायची. दिवसभर जावं लागू नये म्हणून कमी जेवायची, कमी पाणी प्यायची. म्हशीच्या पायाखाली सिमेंट पडलं आणि त्यानंतर तीन वर्षांनी संडासाचं भांडं बसलं. टपरीवरून घरी येऊन बायका पाणी पीत नाहीत असं सांगणारा माणूस तो हाच.

घरी आल्यावर मी हे सगळं तिला बोलून दाखवायला लागलो. माझी तशी सवयच आहे. चूक कळली की ती लगेच कुणापाशी तरी ओतल्याशिवाय मला जेवण जात नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं ते झालं. आता दवाखान्याचं न्हाई काढायचं."

"का? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"गोळ्या खाते की रक्ताच्या. ऑपरेशन न्हाई."

"भीती वाटती?"

"ऑपरेशनची न्हाई वाटत. बघायला येत्यात त्याची वाटती."

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुणाचंही ऑपरेशन झालं की सगळी आळी पेशंटला बघायला येते. डझनभर केळी नाहीतर बिस्किटपुडा आणायचा, खाटेच्या कडेला टेकायचं आणि विचारायचं, "काय झालं व्हतं नेमकं?" मग पेशंटनं पहिल्यापासून सांगायचं. आलेल्यानं मधे मधे आपल्या मेव्हण्याचं ऑपरेशन सांगायचं. टाके दाखवायचे. वरच्या आळीतल्या एका गृहस्थांनी आपला मुतखडा औषधाच्या बाटलीत ठेवला होता, तो ते चहाबरोबर दाखवायचे. कुणी गेलं नाही तर पेशंट मनात धरतो. कुणाला येऊ नका म्हटलं तर पुढच्या वेळी आपल्या मयताला चार माणसं मिळतील का याची शंका.

"त्यो मुतखडा तरी दाखवतोय," बायको म्हणाली. "मी काय दाखवू?"

"गर्भाशयाचं म्हणून सांगू."

"मग बायका त्येचं इचारत्याल. आन् खोटं किती दिवस बोलायचं?"

मी दोन दिवस विनवण्या केल्या. दरम्यान ती एकदा गोठ्याच्या दारात भिंतीला धरून उभी राहिलेली मी पाहिली, डोळे मिटून. मला खरंच भीती वाटली. चारचौघांच्या प्रश्नांपायी ही बाई अशीच संपेल आणि तेव्हाही आळी बघायला येईलच, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मला सुचलं.

"ऑपरेशन माझं सांगायचं," मी म्हणालो.

"काय?"

"मला झाली होती हे गावाला माहिती हाय. परत उलटली म्हणू. मी खाटंवर पडतो, लोक मला बघत्याल. तू आत झोप."

 ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "तुमचं तर जगजाहीरच हाय," म्हणाली. दौंडला बाई सर्जन आहे असं कळल्यावर तयार झाली.

दौंडला आम्ही एसटीनं गेलो. बसायला जागा होती, पण ती उभी राहिली, म्हणून मीही उभा राहिलो. कंडक्टरला वाटलं आमचं भांडण झालंय. दवाखान्यात नंबर लावला आणि वळून बघतो तर बाकावर आप्पा. त्याच दवाखान्यात हाडांचे डॉक्टरही बसत होते आणि आप्पा गुडघा दाखवायला आले होते. गावात पन्नास वर्षं शेजारी राहिलेला माणूस दौंडात तरी भेटू नये, पण तसं होत नाही.

"तू हितं?"

"व्हय, आप्पा."

"परत उलटलं व्हय?"

मी मान हलवली.

"सुरण सोडलास ना? मी म्हणलो व्हतो, येवढ्यात सोडू नको."

"चूक झाली."

"आन् हिला कशाला दगदग? बघ की कशी पांढरी पडलीय तुझं करून करून."

 हे ऐकून आता सगळं खरं सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलंही होतं, पण बायकोच मधे बोलली, "त्यांना एकट्याला कसं सोडायचं, मामंजी. घाबरत्यात."

"घाबरतोय तर," आप्पा म्हणाले. "पहिल्यापासनं."

तेवढ्यात नर्सनं बावीस नंबर पुकारला. आम्ही दोघं उठलो. नर्स म्हणाली, "तपासणी आहे, फक्त पेशंटनं यायचं." आम्ही जागच्या जागी थांबलो. नर्सनं हातातल्या कागदावरचं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, मग बाकावर कान देऊन बसलेल्या आप्पांकडं बघितलं. "या दोघं," म्हणाली. त्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. पडद्यामागं तपासून आल्या, हात धुतले आणि बायकोशी बोलत राहिल्या. रक्त कसं पडतं, लाल की काळपट, मोड आपोआप आत जातो की ढकलावा लागतो. बायको सगळ्याची उत्तरं देत होती, अगदी हळू आवाजात पण न अडखळता. अठरा वर्षं तिनं मनात जपून ठेवलेला पाढाच होता तो. मग बाई माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही?"

मी लगेच सुरू झालो. गोठा आधी बांधला, संडास नंतर, मला माझ्या दुखण्यापुढं काही दिसलंच नाही, तिनं टब भरून दिला तेव्हासुद्धा—

"मी विचारत होते," बाई म्हणाल्या, "तुम्ही यांच्याबरोबर राहायला रजा काढू शकाल का?"

"काढू शकतो."

"मग तेवढं करा."

इतकी वर्षं रक्त जात असेल तर ती मूळव्याधच आहे असं धरून चालायचं नाही, आधी दुर्बिणीनं आत बघू, असं त्या म्हणाल्या. हे ऐकेपर्यंत सगळा प्रकार मला थोडा गमतीचा वाटायला लागला होता. ती गंमत तिथं थांबली. दुर्बिणीची तपासणी चार दिवसांनी होती. ते चार दिवस मी गेटवर चुकीच्या गाड्यांच्या नोंदी केल्या. बायको मात्र रोज शेवग्याची भाजी आणि खजूर खात होती आणि मला म्हणत होती, "काय बी नसणार. माझं मला कळतंय." तपासणी झाली. आत वाईट काही नव्हतं, मूळव्याधच होती, मोठी आणि जुनी. आपल्या बायकोला मूळव्याधच आहे याचा आनंद होऊन मी दौंड स्टेशनसमोर उभा राहून दोन वडापाव खाल्ले. तिनं ताक घेतलं.

रक्त इतकं कमी असताना भूल देता येत नव्हती. म्हणून तीन आठवडे दिवसाआड सलाइनमधून लोह, गोळ्या, पातळ जेवण, टब. आता टब मी भरायचो आणि कोपर घालून बघायचो. पहिल्या दिवशी पाणी फार गरम झालं, तर आतून आवाज आला, "कोपराचं कातडं म्हशीचं हाय का तुमच्या?" गावात मी सांगत होतो की माझं ऑपरेशन ठरलंय आणि दिवसेंदिवस जास्तच दुखरं तोंड करून चालत होतो. कंपनीत खरं कारण लिहून रजा काढली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. बाहेर बाकावर दोघांचे मोबाईल घेऊन मी बसलो. माझा वाजला. विचार न करता मी उचलला. आप्पा होते.

"झालं का रं?"

"आत्ताच आत न्हेलंय, आप्पा."



"मग फोन कोण उचलतंय?"

"म्हंजी न्हेत्यात. दारात हाय मी. ठेवतो."

दोन मिनिटांत तिचा मोबाईल वाजायला लागला. आप्पांना आता तिच्याकडून माझी तब्येत विचारायची होती. तो मी उचलला नाही. दोन्ही मोबाईल पिशवीत तळाशी टाकून त्याच्यावर टॉवेल ठेवला आणि दारावरच्या लाल दिव्याकडं बघत राहिलो. मी देवाधर्माचा फार नाही. पण त्या बाकावर मी आमच्या संडासाच्या भिंतीला फरशी लावायचं कबूल केलं. कुणाकडं कबूल केलं ते मला सांगता येणार नाही.

सगळं व्यवस्थित झालं. एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. शिरूरची गाडी सांगितली होती, मुद्दाम गावची नको म्हणून. बायको मागच्या सीटवर कुशीवर झोपली, मी पुढं बसलो. भीमा ओलांडली, न्हावऱ्याचा फाटा जवळ आला, तेव्हा मी गाडी थांबवायला सांगितली. तिला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं, मधे भोक असलेल्या रबराच्या उशीवर. मी मागं आडवा झालो आणि अंगावर चादर ओढली.

गाडीवाल्यानं आरशातून बघितलं. "साहेब, नक्की कुणाचं झालंय?"

"गावात शिरलं की माझं."

"बरं," तो म्हणाला आणि गावातले सगळे खड्डे त्यानं इतक्या हळू घेतले की आळीतल्या बायकांना बघायला भरपूर वेळ मिळाला.

पुढचे आठ दिवस मी बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून काढले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. कोणी विचारलं की सांगायचं, दवाखान्यात माझ्यासाठी जागली, झोपलीय. अडचण चहाची होती. बघायला आलेल्या माणसाला चहा दिला नाही असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि ऑपरेशन झालेला माणूस उठून स्टोव्हपाशी गेला तर सगळंच उघडं. मग मी कोणी यायच्या आत चहा करून थर्मासमध्ये भरायचो आणि खाटेखाली ठेवायचो. पेशंट पडल्या पडल्या हात खाली घालतो आणि कप भरून देतो, हे लोकांना विचित्र वाटायचं, पण आजाऱ्याला बोलत नाही कोणी.

लोक भरपूर आले. मला माझं ऑपरेशन पहिल्यापासून सांगावं लागलं आणि तीन दिवसांत मी ते चांगलं सांगायला लागलो. कमरेत सुई कशी टोचली, पाय कसे जड झाले, सगळं बायकोनं मला सांगितलेलं मी पुढं सांगत होतो. माणसं हळहळायची. एकानं तर टाके बघायची इच्छा दाखवली. मी म्हणालो, लेसरचं आहे. दुपारी आळी झोपली की मी दाराला कडी घालायचो, टब भरायचो, तिला धरून न्यायचो, मऊ खिचडी टाकायचो. इतकं काम मी धडधाकट असताना कधी केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आप्पा दुसऱ्यांदा आले. त्या दिवशी ते मवाळ होते. चहा पिता पिता म्हणाले, "खरं सांगू का, तू नशीबवान. अशी बायको मिळत न्हाई. तुझं सगळं केलं तिनं. तू तिचं काय केलंस कधी?"

ते सहज बोलले होते.  मी मात्र उठून बसलो. "आप्पा," मी म्हणालो, "एक सांगायचंय तुम्हाला. मला राहवत न्हाई आता."

आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. मग दुसरं पडलं.

"मांजर हाय," मी म्हणालो आणि परत आडवा झालो.

आप्पा गेल्यावर मी आत गेलो. ती भिंतीला टेकून, कुशीवर, हाताच्या अंतरावरची दोन पातेली पाडून पडली होती. तिचा चेहरा मी इतका कठोर कधी पाहिला नव्हता.

"काय सांगणार व्हता त्यांना?"

"खरं. मला सहन होत न्हाई. फुकटची कीव करत्यात माझी आन्—"

"तुमाला हलकं व्हायचं असतंय," ती म्हणाली. "सारखं. बोललं की तुमी मोकळं. आन् उद्या आळीत माझ्याकडं कसं बघत्याल, त्ये मी बघायचं. अठरा वर्सं मी गप ऱ्हायले. तुमाला आठ दिवस जमंना?"

मी दारात बसलो. माझ्या आयुष्यभराच्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली. आत्तापर्यंत मी तिच्याजवळ जेवढ्या चुका कबूल केल्या, त्या प्रत्येकीनंतर मला छान झोप लागली होती. तिला लागली का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"जमंल," मी म्हणालो.

"मग खिचडीत पानी जास्त घाला उद्या. आजची भाकरीसारखी झालीय."

सहाव्या दिवशी आप्पांची सून भाकरीचा डबा घेऊन मागच्या दारानं आली. मी बाहेर दोन पाहुण्यांना लेसर समजावून देत होतो, त्यामुळं मला कळलं नाही. तिनं आत टब बघितला, मलम बघितलं, रबराची उशी कुणाच्या खाली आहे तेही बघितलं. पाहुणे गेल्यावर मी आत डोकावलो, तर ती पोर बायकोच्या उशाशी बसली होती आणि दोघींचे डोळे ओले होते. मला बघताच ती डबा उचलून निघून गेली.

"कळलं तिला?" मी विचारलं. 

"कळलं."

"मग आता आप्पांना—"

"त्यांना न्हाई सांगायची." बायकोनं उशी नीट केली. "तिला बी हाय. पोरगी झाल्यापासनं. सासऱ्याला कसं सांगायचं म्हणून बसलीय. रडत व्हती."

 ती छताकडं बघून काहीतरी हिशोब करत होती, लग्नाच्या याद्या करताना करते तसा.

"डॉक्टरबाईंनी पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावलंय न्हवं?" ती म्हणाली. "तवा न्हेऊ तिला संगं."

"आप्पांना काय सांगायचं?"

"त्यात काय. तुमाला त्रास व्हायला लागलाय परत. मला एकटीला तुमाला सांभाळून न्ह्यायला जमत न्हाई, म्हणून हिला सोबत न्हेते."

तसंच झालं. आप्पांनी सुनेला लगेच परवानगी दिली, शेजारधर्म म्हणून, आणि मला पथ्य पाळत नाही म्हणून रस्त्यात उभं करून झापलं. त्या पोरीचं लवकर कळल्यामुळं औषधावर आणि पाण्याच्या टबावर भागलं. तिनं तिच्या एका मैत्रिणीला सांगितलं. मग वडगाव रासाईला दिलेली बायकोची आतेबहीण आली. त्या वर्षात माझी मूळव्याध पाच वेळा उलटली. दर वेळी मी कण्हत दौंडच्या एसटीत चढायचो आणि माझ्याबरोबर दोन-दोन बायका माझी काळजी घ्यायला असायच्या. नर्स आता मला बघून नंबर विचारत नाही. "आज कोण?" एवढंच विचारते.

अलीकडं बायका आपल्या आपण जातात. आळीत विषय उघडा झालाय. सुनेनं एक दिवस सासऱ्याच्या तोंडावर सांगितलं आणि आप्पांनी तिलाही सुरण आणून दिला. माझं ऑपरेशन माझं नव्हतं, हे मात्र आप्पांना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि हे लिखाण ते वाचणार नाहीत, त्यांना चष्म्यानंही अक्षर लागत नाही.

मागच्या महिन्यात गावात लग्न होतं. मी आप्पांशेजारी पंगतीला बसलो. वाढपी वांग्याचा रस्सा घेऊन आला, लाल तवंगाचा. मी वाटी पुढं केली. आप्पांनी तिच्यावर हात ठेवला.

"ह्याला नको. ह्याचं कवाबी उलटतंय. ह्याला वरण वाढ."

वाढप्यानं वरण वाढलं. समोर बायकांच्या पंगतीत माझी बायको मांडी घालून बसली होती. ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं होतं, रक्त भरून आलं होतं, गालावर रंग होता. तिनं आप्पांचं बोलणं ऐकलं. माझ्या वाटीकडं बघितलं, मान खाली घातली आणि जेवायला लागली. तिचे खांदे हलत होते. मी वरणात भात कालवला.